विकास आराखड्यात पायवाट कुठे दाखवतात?

पाऊलखुणा

आमच्या नगरपरिषदेचा सुधारित विकास आराखडा तयार होतोय. कायद्याने ही वेळ वीस वर्षांतून एकदा येते, म्हणून मुद्दाम नगररचना विभागात जाऊन भिंतीवर लावलेला सद्य भूवापर नकाशा बघून आलो. निवासी भाग पिवळा, कालवा निळा, टेकडी फिकट हिरवी. गावठाणातून निघून कालव्याच्या छोट्या पुलावरून टेकडीच्या माथ्यावर जाणारी पायवाट मात्र कुठेच नाही. रोज सकाळी निम्मं गावठाण त्या वाटेवर असतं, गुराखी असतात, पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेला त्याच वाटेने येतात. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "पायवाटेला आमच्याकडे चिन्ह नाही."

आता टेकडीच्या पायथ्याला प्लॉटिंग पडलंय. कंपाउंड झालं, गेट बसलं. वॉचमन वही पुढे करून विचारतो, "कोणाकडे जायचंय?" त्याच्या वहीत 'टेकडीवर' हे उत्तर बसत नाही.

गंमत म्हणजे याच परिषदेने बागेत 'निसर्ग पायवाट' मंजूर केली आहे. पेव्हर ब्लॉकची गोल फेरी, दोन बाजूंना दिवे. त्यासाठी तरतूद आहे.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती घेतील. त्यात नक्की काय मागायचं? 'पायवाट वाचवा' असं लिहून उपयोग होत नाही एवढं समजतं.

नस्ती_बंद

नगररचनेत नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून थोडं सविस्तर.

तुम्ही बघितलात तो नकाशा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 25 खालचा. प्रारूप आराखडा कलम 26 खाली प्रसिद्ध होतो, हरकती तेव्हा. पुढे कलम 28 ची नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी कलम 31 खाली शासन मंजुरी देतं. भूवापर नकाशावर रीतसर हरकती मागवत नाहीत, पण पत्र द्यायला कुणी अडवलेलं नाही. आजच द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. प्रारूप तयार करणारा माणूस याच नकाशावर काम करतो. त्यावर जे नाही ते त्याच्या लेखी जमिनीवरही नाही. पुढे सुनावणीत भांडत बसण्यापेक्षा आत्ता एक रेघ ओढून घेणं फार सोपं आहे.

आता मागायचं काय. लोक हमखास एक चूक करतात, ती म्हणजे टेकडीवर 'उद्यानाचं आरक्षण टाका' अशी मागणी. जमीन खाजगी असेल तर आरक्षण पडतं, पण ताब्यात घ्यायला पैसा नसतो. दहा वर्षं गेली की मालक कलम 127 ची खरेदी सूचना ('जमीन विकत घ्या' अशी नोटीस) देतो, चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मग वाटही गेली आणि आरक्षणही गेलं.

त्यापेक्षा वाटेची मागणी वाट म्हणूनच करा. कलम 22 मध्ये आराखड्यात काय असावं याची जी यादी आहे, त्यात दळणवळणाखाली रस्त्यांबरोबर इतर मार्गही येतात. 'पादचारी मार्ग' म्हणून अरुंद रेघ दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. सवय नाही, एवढंच. सुनावणीत तुम्हाला मिळणार मोजकी मिनिटं. गट नंबर, सुरुवात कुठे, शेवट कुठे, रुंदी किती, आज कोण वापरतं, एवढं एका पानावर आणा. भावना घरी ठेवा.

तुटकरेघ

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. आराखड्यात नवी रेघ मागायच्या आधी जुनी रेघ आहे का ते बघा!

भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात (उपअधीक्षकांचं ऑफिस) गाव नकाशाची नक्कल मिळते. जुन्या नकाशात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. ऑनलाइन नकाशावर गटांच्या हद्दी बघून समाधान मानू नका, जुन्या नकाशाचीच नक्कल मागा. नक्कल घेताना 'प्रमाणित' असं अर्जात लिहा.

दुसरं, सातबारावर पोटखराब (लागवडीखाली नसलेल्या) क्षेत्राचे दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे खडक, चर वगैरे, शेतकऱ्याच्या अखत्यारीतलं. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कामासाठी सोडलेलं, त्यात रस्ता आणि मान्यताप्राप्त पायवाट येते. प्लॉटिंगवाल्या गटाचा बिगरशेती होण्याआधीचा सातबारा काढा. वर्ग ब च्या रकान्यात दोन-तीन आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर) दिसले तर ते कशापायी आहेत हा प्रश्न लेखी विचारा.

तिसरं, जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 20. कुणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा, नाले हे सगळं राज्य शासनाचं. वाट हा शब्द कलमात आहे. आणि अशा वाटेवरचा लोकांचा हक्क संपवायचा तर कलम 21 ची रीतसर प्रक्रिया आहे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, नोटीस काढून. गेट बसवल्याने तो संपत नाही.

आडवाटेने

तुम्ही सगळे रेघ मागताय, मी उलट बाजूने बोलतो. नकाशावर आली की वाटेचं भलं होतं हे कुणी सांगितलं? आमच्या भागात एक टेकडी कुणाला माहीत नव्हती तोवर छान होती. मग ती 'विकासात' आली. जेसीबीने वाट दहा फूट केली, कडेला रेलिंग, मध्ये पायऱ्या, वर सेल्फी पॉइंट. दोन पावसाळ्यांत पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर घळी पडल्या. वाट माहीत नसलेलीच बरी.

नस्ती_बंद

@आडवाटेने, तुमचा राग समजतो. पण कागदावर नसलेली वाट जेसीबीलाही दिसत नाही आणि कंपाउंडलाही दिसत नाही. जेसीबी आला तर वाट बिघडते, कंपाउंड आलं तर ती उरतच नाही.

मुरूम_आणि_माती

पायऱ्यांच्या कडेला घळी का पडतात यावर लिहायलाच हवं, कारण हरकतीत 'बांधकाम करू नका' एवढं लिहिलं तर अभियंता म्हणणार, "मग करायचं काय?" त्याला उत्तर द्यावं लागतं.

वाट बिघडवतं पाणी. माणसं नंतर. उतारावर सरळ खाली जाणारी वाट म्हणजे पावसात ओढा. डोंगरवाटा आखणारे साधा नियम पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. म्हणजे शंभर मीटर चालल्यावर दहा मीटर चढ. वाट डोंगराला आडवी, वळणं घेत न्यायची. तिचा पृष्ठभाग बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, पाच टक्के पुरे. पाणी वाटेवरून आडवं निघून जातं, वाटेच्या लांबीने वाहत नाही. शिवाय ठरावीक अंतराने वाट थोडी खाली उतरवून पुन्हा चढवायची, की साठलेलं पाणी तिथे बाहेर पडतं. गुरांनी पाडलेल्या जुन्या वाटा बघा, बऱ्याचशा अशाच आडव्या जातात.

आपल्याकडे होतं काय? ठेकेदाराला मोजमाप पुस्तकात लिहिता येईल असं काम हवं. पेव्हर चौरस मीटरवर मोजतात, पायरी नगावर, रेलिंग मीटरवर. 'वाट आडवी वळवली' हे कशात मोजणार? मग पायऱ्या होतात. पायऱ्यांची उंची सारखी नसते, गुडघेदुखीवाला आणि पळणारा दोघंही कडेने उतरतात, कडेची माती निघते, पाणी तिथे वाट काढतं. हीच ती घळ. पेव्हरचंही तसंच. खालची माती दाबलेली नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी खालून पोखरतं आणि ठोकळे दातांसारखे हलायला लागतात.

म्हणून हरकतीतच एक ओळ घाला: 'मार्गाचा पृष्ठभाग नैसर्गिक माती-मुरमाचा ठेवावा, रुंदी अडीच मीटरपेक्षा जास्त नसावी, यांत्रिक वाहनांस बंदी असावी.' सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटरच.

बांधावरची

सगळं चालणाऱ्यांच्या बाजूने चाललंय, जरा जमीनवाल्यांचंही ऐका.

आमच्या शेतातून पाणंद जाते. आजेसासऱ्यांच्या काळापासून गावाची ये-जा होती, कधी कुणाला अडवलं नाही. आता शहरातले लोक येतात. फाटक उघडं टाकतात, मागून गुरं आत शिरतात. कुत्री मोकळी सोडतात. बाटल्या बांधावर. विहिरीत वाकून फोटो काढतात आणि कुणी पडलं तर पोलीस आमच्याच दारात. आम्ही तार ओढली तर आम्ही वाईट. शेजारच्यांनी तर वकिलाच्या सांगण्यावरून आधीच काटे टाकले, कारण 'वीस वर्षं चालू दिलंत तर कायमचा हक्क लागतो' असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्या भीतीपोटी कितीतरी वाटा बंद होतात बघा.

आराखड्यात रेघ ओढणाऱ्यांनी आधी येऊन मालकाशी बोलावं. माणूस जाईल पण गुरं जाणार नाहीत असं वळणाचं फाटक परिषदेने स्वतःच्या खर्चाने बसवावं, विहिरीला कठडा करावा. पेरणी-काढणीच्या दिवसांत वाट बांधाने फिरवायची मुभा असावी. एवढं दिलं तर आम्ही कशाला अडवू?

कलम_आणि_पोटकलम

बांधावरचीताई, तुमच्या शेजाऱ्यांना सांगितलेलं अर्धं खरं आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम 1882 (दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यासारख्या हक्कांचा कायदा), कलम 15: वीस वर्षं उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर केला तर वहिवाटीचा हक्क मिळतो. सरकारी जमिनीवर हाच काळ तीस वर्षं. पण कळीचा भाग 'हक्क म्हणून' हा. मालकाच्या परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क तयार होत नाही. त्यामुळे भीती वाटत असेल तर काटे टाकण्यापेक्षा लेखी परवानगी द्या. 'अमुक वाट आमच्या संमतीने खुली आहे' असा साधा करार नगरपरिषदेशी किंवा ग्रामपंचायतीशी. मालकाचा हक्क शाबूत, लोकांची वाट चालू. आपल्याकडे हा मार्ग फार कमी वापरतात.

आणि कलम 15 चा हक्क मुळात एका जमिनीच्या मालकाला दुसऱ्याच्या जमिनीवर मिळणारा. सकाळी फिरायला येणाऱ्या शंभर लोकांना तो तसाच लागू होत नाही. त्यांच्यासाठी कलम 18 चा, रूढीवर आधारलेला सुखाधिकार जवळचा, पण रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते.

आता नेहमी दिला जाणारा सल्ला: 'तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली दावा टाका.' त्याचं कलम 5 शेती, चराई, झाडं-पिकं यांसाठीच्या वाटेवरचा अडथळा दूर करायला आहे आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. गुराखी आणि शेतकरी जाऊ शकतात. ट्रॅकसूटवाले नाहीत. जमीन महसूल संहितेचं कलम 143 हेही शेतात जायला बांधावरून वाट मिळावी यासाठी. म्हणून धागाकर्त्याने गुराख्यांना आणि वाडीतल्या शेतकऱ्यांना सोबत घ्यावं. कायदा त्यांच्या बाजूने जास्त आहे.

पूर्वविदर्भ

आमच्याकडं निस्तारपत्रक (गावाच्या मोकळ्या जमिनीवरच्या चराई-सरपणासारख्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन शब्द म्हातारी माणसं अजून वापरतात भाऊ. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावातल्या रूढींची नोंद: पाण्याचा हक्क, जाण्यायेण्याच्या वाटेचा हक्क, मासेमारी. जमीन महसूल संहितेच्या कलम 165 मध्ये तो आजही आहे. वकीलसाहेब म्हणतात ती रूढी सिद्ध करायला याच्याहून चांगला कागद नाही. पश्चिम महाराष्ट्रात कुणी विचारत नसेल, पण विदर्भातल्या वाचकांनी अभिलेख कक्षात नक्की शोधावा.

कालवाकाठ

एक प्रश्न राहून गेला. टेकडी कुणाची आहे? आणि कालवा?

कालव्याच्या कडेचा निरीक्षण पथ जलसंपदाचा. नगरपरिषद त्यावर रेघ मारेल, पण पाटबंधारेच्या कार्यकारी अभियंत्याचं ना-हरकत लागेल. टेकडीचा सातबारा काढा. वन विभागाचं नाव असेल तर 1980 चा वन संवर्धन कायदा (2023 च्या दुरुस्तीनंतर 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम') लागू, तिथे परिषदेला पेव्हर काय, पाटीसुद्धा परस्पर लावता येणार नाही. आडवाटेनेंना हे आवडेल.

खाजगी असेल तर पुण्याचं उदाहरण बघा. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण सुचवलं, शासनाची मंजुरी यायला 2015 उजाडलं. जमिनीचा मोबदला किती, तो टीडीआरमध्ये (दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या रूपात) की रोख, यावर वाद चालू राहिला. टेकड्या हिरव्या राहाव्यात हे सगळ्यांना मान्य होतं, अडलं ते जमिनीच्या किमतीवर. वाट मागितली तर अडीच मीटरच्या पट्ट्याचा प्रश्न उरतो, अख्ख्या टेकडीचा नाही.

शिवाय 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतच मनाई आहे. पायथ्याच्या प्लॉटिंगने वर सरकायचा प्रयत्न केला तर तेही तपासा.

नातवासोबत

सगळीकडे मातीच हवी म्हणणाऱ्यांना एकच विनंती. माझी आई वॉकर घेऊन चालते. तिला टेकडी नको, पण कालव्याकाठचा सपाट तुकडा तरी पक्का आणि सलग असावा की नाही? इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्याची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर सांगितली आहे. तेवढीच द्या, पण सुरुवातीलाच दुचाकी अडवायला आडवे पाइप लावून चाकाची खुर्चीही अडवू नका. हे हमखास करतात.

मुरूम_आणि_माती

@नातवासोबत, शंभर टक्के. सपाट कालवाकाठ पक्का, टेकडीवर माती. एकाच आराखड्यात दोन्ही बसतं.

आडवाटेने

ठीक. रुंदी आणि पृष्ठभाग आराखड्यातच लिहून घेणार असाल तर माझा विरोध नाही. फक्त 'सुशोभीकरण' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. त्या शब्दाच्या मागे निविदा असते.

पाऊलखुणा

सगळ्यांचे आभार. गाव नकाशाची नक्कल मिळाली. एकेरी तुटक रेघ आहे! गावठाणापासून निघते, प्लॉटिंगच्या गटातून तिरकी जाते आणि टेकडीच्या अर्ध्यावर थांबते. माथ्यापर्यंत नाही. प्लॉटिंगच्या गटाच्या जुन्या सातबारावर पोटखराब वर्ग ब मध्ये 0.03.00 आहे. गटातून जाणारी वाट नकाशावर मोजली तर अंदाजे 120 मीटर भरते. अडीच मीटर रुंदीने तीनच आर. मंजूर रेखांकनात (प्लॉटच्या लेआउटमध्ये) मात्र त्या जागी दोन प्लॉटची हद्द आणि त्यांच्यामधली भिंत आहे.

टेकडीचा वरचा भाग वन विभागाचा निघाला. कच्चा मसुदा असा केलाय:

'गाव नकाशात दर्शविलेला व आजही वापरात असलेला पायमार्ग सद्य भूवापर नकाशात दाखवण्यात यावा. प्रारूप विकास आराखड्यात तो 2.5 मीटर रुंदीचा पादचारी मार्ग म्हणून कायम करावा. पृष्ठभाग माती-मुरमाचा राहील, वाहनांस बंदी राहील. कालव्यालगतचा सपाट भाग पक्का व विनाअडथळा असावा. शेतजमिनीतून जाणाऱ्या भागात संबंधित खातेदारांशी लेखी करार करून फाटक व विहिरीचा कठडा परिषदेने करावा. वन हद्दीतील भागासाठी वन विभागाशी पत्रव्यवहार करावा.'

सह्यांसाठी वाडीतल्या शेतकऱ्यांना आणि गुराख्यांना भेटतोय.

नस्ती_बंद

मसुदा चांगला आहे, तीन बदल करा. 'यावा', 'करावा' या विनंत्यांच्या आधी गट नंबर आणि नकाशाचा संदर्भ घाला, नाहीतर सर्वसाधारण सूचना म्हणून नोंद होईल आणि सर्वसाधारण सूचना म्हणजे फाइलच्या तळाशी. दुसरं, मंजूर रेखांकनाचा मुद्दा या पत्रात मिसळू नका. तीन आर आणि भिंतीचा विषय वेगळ्या अर्जाने, एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक तहसीलदारांना. रेखांकन मंजूर करताना वर्ग ब चं क्षेत्र वगळलं होतं का, एवढाच प्रश्न. आरोप नको.

तिसरं, वनवाला भाग शेवटी ठेवू नका, स्वतंत्र परिच्छेद करा. तो भाग परिषदेच्या हातात नाही हे कारण देऊन पूर्ण हरकत फेटाळलेली मी पाहिली आहे.

बांधावरची

विहिरीच्या कठड्याची ओळ ठेवल्याबद्दल बरं वाटलं. त्यात 'दुरुस्ती परिषदेकडे राहील' हेही घाला. बांधून देतात आणि नंतर फिरकत नाहीत.

कलम_आणि_पोटकलम

आणि करार झाला तर मुदत लिहा. पाच वर्षं, नूतनीकरणासह. बेमुदत करारावर कुठलाही शेतकरी सही करणार नाही, आणि त्याने करूही नये.

पाऊलखुणा

तिन्ही बदल केले, दुरुस्तीची ओळ आणि मुदतही घातली. एक अडचण: गुराख्यांपैकी दोघांकडे रहिवासी पुरावा आमच्या हद्दीतला नाही, शेजारच्या ग्रामपंचायतीतला आहे. त्यांची सही चालेल का?

नस्ती_बंद

चालेल. हरकत कुणीही घेऊ शकतं, रहिवासी असण्याची अट नाही. पूर्ण पत्ता मात्र लिहून घ्या, सुनावणीची नोटीस त्यावरच येते.